डेबूने सूड घेतला, तो कोणावर?

डिसेंबर महिना उजाडला की आमच्या समाजाची पावले चैत्यभूमीकडे वळतात. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले आणि त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीजवळ वलगाव येथे गाडगेबाबांची प्राणज्योत मालवली. पहिली तारीख आमच्या पोराबाळांच्या तोंडी आहे. दुसरी मात्र आम्ही सरकारच्या हवाली करून टाकली. सरकारने काय केले? बाबांच्या हातात खराटा दिला, त्यांच्या नावाने २००० साली ग्रामस्वच्छता अभियान काढले आणि मंत्र्यांनी दहा मिनिटे रस्ता झाडून फोटो काढून घेतले. खराटा खोटा नाही. बाबांनी तो आयुष्यभर चालवला. परंतु या खराट्याआड दापुऱ्याच्या शेतात सावकाराच्या माणसांना अडवून उभा राहिलेला तरुण डेबू पार झाकला गेला. शाळेच्या पुस्तकात तो आला तरी एका ओळीपुरता येतो. त्याच डेबूबद्दल आज आम्हाला लिहायचे आहे.

आजच का, तेही सांगून टाकतो. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडी आम्ही मूर्तिजापूर तालुक्यातील एका गावी गेलो होतो. कार्यक्रम आटोपल्यावर एकोणीस वर्षांचा एक पोरगा आमच्यापाशी येऊन बसला. बापाने मुलीच्या लग्नासाठी विनापरवाना सावकाराकडून व्याजाने पैसे उचलले होते आणि हमी म्हणून अडीच एकराचे खरेदीखत करून दिले होते. पैसे फिटले की वावर परत, असा तोंडी करार. पैसे बरेचसे फिटले, वावर परत आले नाही. बाप अंथरुणाला लागला. पोराचे चुलते रोज संध्याकाळी ओट्यावर बसून त्याला बापाच्या रक्ताची आठवण करून देत होते. आजी म्हणत होती, पाय धरून मिटवून घ्या, आपण गरीब माणसे. पोराने आम्हाला विचारले ते एवढेच की, बाबासाहेब असते तर त्यांनी काय करायला सांगितले असते? त्याच्या पिशवीत काय होते ते आम्ही विचारले नाही. विचारायची हिंमत झाली नाही, असे म्हणा हवे तर.

त्याला आम्ही बाबासाहेबांची नव्हे, डेबूची गोष्ट सांगितली. त्याचे गाव दापुऱ्यापासून फार लांब नव्हते. तरीही ही गोष्ट त्याला ठाऊक नव्हती.

डेबू, म्हणजे डेबूजी झिंगराजी जानोरकर, जन्म २३ फेब्रुवारी १८७६, गाव शेंडगाव, जिल्हा अमरावती. जात परीट. त्याच्या जन्माच्या आदल्याच वर्षी, मे १८७५ मध्ये, तिकडे पुणे जिल्ह्यात सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे गाठून कर्जाच्या चोपड्या, दस्त आणि गहाणखते जाळली होती. इंग्रज सरकार हादरले, चौकशी समिती नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. तो कायदा मुंबई इलाख्यातील चार जिल्ह्यांपुरता होता. वऱ्हाड तेव्हा कागदोपत्री निजामाचे आणि कारभाराला इंग्रजांचे, त्यामुळे वऱ्हाडच्या कास्तकाराला त्याची सावलीही मिळाली नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला, त्या भावावर वऱ्हाडात कर्जे वाढली, भाव कोसळला आणि कर्जे तेवढी राहिली. डेबू जन्मला तो अशा मुलखात. इंग्रजी अंमलात जमीन विकता येऊ लागली, गहाण टाकता येऊ लागली, कोर्टातून जप्त करता येऊ लागली. यातला एकही कागद वाचता न येणाऱ्या माणसाच्या गळ्यात हा फास होता. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली शेतकऱ्याचा असूड लिहिला तो नेमका या फासावर.

डेबूच्या घराचा पहिला नाश मात्र सावकाराने केलेला नाही. तो देवाच्या नावाने झाला, हे आमच्या वाचकांनी नीट लक्षात घ्यावे. त्या काळी देवाला बकरे आणि दारू लागत असे, म्हणजे देवाच्या नावावर भाऊबंदांना लागत असे. झिंगराजी या नैवेद्याच्या दारूला लागला आणि तिच्यातच गेला. होते नव्हते ते विकले गेले. डेबू तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा. मरताना त्या बापाला उशिरा का होईना शहाणपण आले आणि या दारूपासून नि असल्या देवांपासून पोराला दूर ठेव, असे तो सखुबाईला सांगून गेला.

इथे थोडे थांबतो. त्या बाईने पुढे काय केले, याकडे बाबांच्या चरित्रकारांनी जेवढे पाहायला हवे होते तेवढे पाहिलेले नाही. सखुबाईला भाऊबंदांना शिव्या देत बसता आले असते. नवऱ्याला दारू पाजणारे कोण होते, हे तिला नावानिशी माहीत होते. त्यांची नावे पोराच्या कानात रोज ओतून ती त्याला वाढवू शकली असती. अशी वाढलेली पोरे आम्ही गावोगाव पाहिली आहेत. दहाव्या वर्षी त्यांना दुष्मनाचे नाव पाठ असते आणि विसाव्या वर्षी ती तुरुंगात असतात. सखुबाईने नवऱ्याचा शब्द धरला. पोराला घेऊन ती माहेरी आली. माहेर दापुरे, तालुका मूर्तिजापूर, जिल्हा अकोला, पूर्णेच्या खोऱ्यात. खारपाणपट्ट्यातली काळी जमीन, विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही असा मुलूख. तिथे आजोबा हंबीरराव होते, मामा चंद्रभान होता. परक्या घरच्या आश्रिताने राहावे तसे हे मायलेक राहिले नाहीत. डेबू गुरे राखू लागला, पुढे शेतीच्या कामात एवढा तयार झाला की मामाच्या घराचा तो उजवा हात झाला. गुराख्यांच्या पोरांत मिसळताना त्याने जात पाहिली नाही. रात्री भजन म्हणायचे, दिवसा वावरात राबायचे. शाळा मात्र नाही. हे नाही पुढे फार महागात पडले.

मामा चंद्रभान कष्टाळू होता, शेत वाढवावे अशी त्याची हौस होती आणि माणसावर विश्वास टाकण्याची त्याला खोड होती. सावकाराने नेमके हेच हेरले. त्या सावकाराचे नाव चरित्रांतून येते. आम्ही ते येथे मुद्दाम देत नाही. त्याच्या वंशातल्या आजच्या माणसांनी आमचे काही घोडे मारलेले नाही. व्यवहार नेहमीचाच होता. बोलणे गोड, कागद सावकाराचा, अंगठा चंद्रभानचा. पैसा देताना-घेताना काय लिहिले जाते ते वाचायला घरात कोणी नाही. हिशेब एका बाजूलाच राहिला आणि त्या हिशेबाने एक दिवस शेत गिळले. चंद्रभानने अंथरूण धरले आणि त्या धक्क्यातच तो मेला.

आता विचार करा. तरुण पोरगा, अंगात बैलाची ताकद, बापाच्या ठिकाणी असलेला मामा डोळ्यांदेखत झिजून मेलेला. घरात म्हातारी माणसे, विधवा आई, विधवा मामी आणि नवी संसाराला आलेली बायको कुंताबाई. मामा गेला म्हणजे कर्ता डेबूच. सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा डेबू त्याच शेतात काम करीत होता. आपल्या कष्टाच्या वावरातून हलायला त्याने साफ नकार दिला. जोर करायला आलेल्यांना त्याने जोराने उत्तर दिले आणि ती माणसे ताबा न घेता परत गेली. सावकाराच्या विरोधात शब्द काढायची गावाची छाती नव्हती, त्या काळातली ही गोष्ट आहे.

बाबांना केवळ क्षमाशील संत म्हणून रंगवणाऱ्यांची इथे अडचण होते. म्हणून ते हा प्रसंग घाईघाईने उरकतात आणि थेट झाडू हातात घेतलेल्या म्हाताऱ्याकडे पळतात. दुसरीकडे आमच्याच काही व्यासपीठशूर वक्त्यांना एवढाच प्रसंग हवा असतो. डेबू भिडला, तुम्हीही भिडा, असे ते पोरांना सांगतात, टाळ्या घेतात आणि गाडीत बसून घरी जातात. गुन्हे पोरांवर दाखल होतात. मग पोलीस भरती गेली, नोकरी गेली, कोर्टाच्या तारखा तेवढ्या उरल्या. डेबू भिडला हे खरे, पण कशासाठी भिडला? वावर राखण्यासाठी. अंगावर आलेल्याला त्याने अडवले. रात्री कुऱ्हाड घेऊन तो कोणाच्या दारात गेला नाही, कोणाची गंजी पेटवली नाही. स्वतःचा हक्क राखणे आणि सूड घेणे यांत एक धुरा आहे. वऱ्हाडातल्या कास्तकाराला धुरा काय असतो ते आम्ही सांगायला नको.

तो धुरा त्याने ओलांडला नाही, याचे श्रेय आम्ही त्या घराला देतो. पोटाशी दारू नव्हती. हे फार मोठे कारण आहे, कारण वऱ्हाडातले निम्मे सूड रात्री नऊनंतर बाटलीतून बाहेर पडतात, हे कोणताही ठाणेदार सांगेल. दुसरे, घरातल्या चार बायांचे पोट त्याच्या दोन हातांवर होते. तिसरे, बापाच्या मरणाचा राग कसा गिळायचा नि त्याचे काय करायचे, हे आईने शब्द न वापरता त्याला आधीच शिकवून ठेवले होते. बापाला माणसांनी मारले असे तिने सांगितले नाही, दारूने आणि अडाणी देवधर्माने मारले असे सांगितले. त्यामुळे मामा मेला तेव्हा त्याला सावकाराच्या पलीकडचेही दिसले. मामाला त्याच्या अंगठ्याने मारले होते. सावकार एक गेला असता तर दुसरा आला असता. अंगठा तिथेच राहिला असता.

हा पोरगा यातून काय शिकला ते थोड्याच वर्षांत सगळ्या जातीला कळले. मुलगी झाली, बारशाला भाऊबंद जमले. रीतीप्रमाणे दारू आणि मटण हवे होते. डेबूने गोड जेवण वाढले. जातीची माणसे चिडली, बहिष्काराची भाषा झाली, तरी तो हलला नाही. बापाला ज्या पंगतीने खाल्ले ती पंगत त्याने आपल्या दारात बंद केली. आमच्या मते डेबूचा पहिला खरा सूड हा आहे. कोणाच्याही अंगाला बोट न लावता घेतलेला.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्याने घर सोडले. वय वर्षे अठ्ठावीस. कुंताबाईच्या आणि सखुबाईच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न आमच्या स्त्री वाचक विचारतील आणि त्यांनी तो विचारलाच पाहिजे. ज्या घराने त्याला घडवले त्या घराला त्याने वाऱ्यावर सोडले, याला आमच्याजवळ गोंडस उत्तर नाही. पुढे लाखो रुपयांच्या धर्मशाळा उभ्या राहिल्या, पण त्यांतले काही आपल्या नातलगांना मिळणार नाही असा त्यांचा कटाक्ष राहिला. १९२३ साली कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना एकुलता मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली आणि कीर्तन चालूच राहिले. याचे कौतुक करणारे खूप आहेत. आम्हाला मात्र तो प्रसंग वाचताना कुंताबाईच आठवते.

पूर्णेच्या काठी ऋणमोचन नावाचे गाव आहे. तिथे स्नान केले की ऋणातून मोकळे होते असा समज, पौषात यात्रा भरते. कर्जाने घर बुडालेला माणूस तिथे वारंवार जात राहिला, काठावरचा चिखल उपसत राहिला आणि त्याने तिथे घाट बांधवला. यात्रेकरूंची सोय त्याने केली, परंतु नदीत बुडी मारल्याने सावकाराची चोपडी धुऊन निघते असे त्याने कोणालाही सांगितले नाही. उलट त्याच माणसांना समोर बसवून तो खेड्याच्या बोलीत उलटसुलट प्रश्न विचारी. कर्ज कशाला काढले? देवाला बकरे कोणी मागितले? पोरगा शाळेत का नाही? उत्तरे लोकच देत आणि देता देता ओशाळत. सावकाराविरुद्ध चाळीस वर्षे चाललेला हा खटलाच होता, फक्त पिंजऱ्यात सावकाराऐवजी श्रोता उभा असे. स्वतः निरक्षर राहिलेला हा माणूस पोरांना शिकवा म्हणून गावोगाव घसा कोरडा करीत होता, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे मामाचा अंगठा असणार, याबद्दल आम्हाला शंका नाही.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याला पोलिसांपुढे त्यांचे कीर्तन झाले. ते ध्वनिमुद्रित झालेले आहे आणि ज्यांनी ऐकले नसेल त्यांनी जरूर ऐकावे. त्यात त्यांनी बाबासाहेबांचे उदाहरण दिले. गंमत अशी की बाबासाहेबांचे नाव घेताना त्यांना आधी आठवले ते बाबासाहेबांचे वडील. शिक्षणाचे महत्त्व त्या वडिलांच्या ध्यानात आले, त्यांनी मुलाला शाळेत घातले आणि त्या मुलाने देशाची घटना केली, असा त्यांचा क्रम होता. एका महिन्याच्या आत बाबासाहेब गेले. सुभेदार रामजींनीही कर्ज केले होते. मुलाला पुस्तके हवीत म्हणून ते लग्न झालेल्या मुलींचे दागिने मागून आणत, गहाण टाकत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. वर्गात गोणपाटावर बसवले गेलेले, पाण्याला महाग झालेले ते पोर कोणत्या वाटेला जाते हे त्या गहाण पडलेल्या दागिन्यांनी ठरवले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा गाडगेबाबांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, तीही मुलांच्या शिक्षणासाठी. दापुऱ्याच्या शेतापासून निघालेली वाट तिथे पोचते.

सूड हा शब्द आमच्या समाजाने सांभाळून वापरावा, याला आणखी एक कारण आहे. १९७४ साली याच अकोला जिल्ह्यातील धाकली गावात गवई बंधूंचे डोळे काढले गेले. त्यांनी कोणाचा सूड घेतला होता? घरच्या मुलीवर झालेल्या अन्यायाबद्दल पाटलाकडे दाद मागितली होती, एवढेच. सूड घेतला तो अन्याय करणाऱ्यांनी, आणि त्या वाड्यात वाढलेल्या पोरांना तो कुळाचा अभिमान वाटला. पँथरने आवाज उठवला म्हणून महाराष्ट्राला तरी कळले. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांना मारले. मुळाशी जमीन होती आणि सुरेखाताईंनी एका मारहाणीच्या प्रकरणात दिलेली साक्ष होती. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये अमरावतीत आमची पोरे रस्त्यावर उतरली आणि पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण गेला. आणि कोर्टाने काय म्हटले? हे जातीतून झालेले नाही, सुडातून झाले, म्हणून अॅट्रॉसिटीचा कायदा लागू नाही. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही तेच धरले आणि फाशीची जन्मठेप झाली. म्हणजे जातीचा अत्याचार पुसायला सूड हा शब्द किती सोयीचा आहे पाहा. त्यांच्या सुडाने त्यांची शिक्षा हलकी होते. आमच्या पोराने सूड घेतला तर त्याला ही सवलत मिळेल, असे ज्यांना वाटते त्यांनी तुरुंगांची दारे मोजून यावीत. भैयालाल भोतमांगे २०१७ साली वारले तोवर कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले. त्यांच्या हातात कोणी कुऱ्हाड दिली नाही, असे थोडेच असेल?

हे सगळे आम्ही त्या पोराला एका दमात सांगितले नाही. डेबूची गोष्ट सांगून झाल्यावर त्याने विचारले की, डेबूच्या मामाजवळ पावत्या होत्या का? नव्हत्या, असे आम्ही सांगितले. तेव्हा चुलीजवळ बसलेली, तोवर एक शब्द न बोललेली त्याची आई उठली आणि पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढून आणली. जुना सातबारा, खरेदीखताची नक्कल, मुलीच्या लग्नाची पत्रिका, आणि एका वहीत प्रत्येक हप्त्याची तारीख नि रक्कम. लिहिलेले तिच्याच अक्षरात, चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचे मोठे मोठे अक्षर. काही हप्ते बँकेतून दिलेले, त्यांच्या चिठ्ठ्या टाचून ठेवलेल्या. ओट्यावरचे चुलते गप्प झाले.

२०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यात अशा व्यवहाराची दाद आहे. सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. अवैध सावकारीतून जमीन लाटली असे चौकशीत सिद्ध झाले तर खरेदीखत रद्द ठरवून जमीन परत देण्याचा आदेश तो देऊ शकतो. अर्जाला मुदत आहे, तेव्हा ज्यांच्या घरी असे कागद पडून असतील त्यांनी ते आजच काढावेत आणि ओळखीच्या वकिलाला दाखवावेत. त्या पोराने अर्ज केला आहे. सुनावणी लागली आहे, दोन तारखा समोरच्याने मागून घेतल्या. तो दर वेळी मूर्तिजापूरहून सकाळच्या गाडीने अकोल्याला येतो. सोबत आई असते, आणि वही तिच्याच पिशवीत असते. पोराच्या हातात ती देत नाही.